चावीवाल्याची मालती

घाटकोपरच्या पंतनगरात भाऊराव इंगळे कुठे राहतात असं विचारलं, तर लोक जरा विचारात पडतात. चावीवाले भाऊराव म्हटलं की लगेच बोट दाखवतात. चौतीस वर्षं ते महापालिकेच्या पाणीखात्यात होते. रस्त्याच्या पोटातले व्हॉल्व उघडायचे आणि बंद करायचे, हे त्यांचं काम. खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी, डोक्यात वेळापत्रक. या गल्लीला साडेपाच ते सात, त्या टेकडीला सात ते नऊ. पाणी आलं की त्यांची आठवण कुणाला यायची नाही. नाही आलं की त्यांच्या नावाने शिमगा. याची त्यांना इतकी सवय झाली होती की निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल घालून चार चांगले शब्द काढले, तेव्हा ते पार गडबडले आणि साहेबांनाच सलाम ठोकून बसले.

निवृत्तीनंतर मात्र त्यांचं काही खरं राहिलं नाही. डोळा जुन्याच वेळी उघडायचा आणि जायला कुठे नाही. चहा घेऊन खिडकीत बसायचे ते जेवायलाच उठायचे. जेवून परत खिडकीत. सुंदराबाई, त्यांची बायको, सुरुवातीला गप्प बसली. मग म्हणायला लागली, "अहो, त्या खिडकीला गज आहेत. कुणी पळवून नेणार नाही तिला. जरा खाली तरी जाऊन या."

मुलगी शीतल एकतीस वर्षांची, पवईला विमा कंपनीत कामाला. तिला बापाचं हे बसणं बघवेना. एका रविवारी ती कांदिवलीला जाते म्हणून गेली आणि संध्याकाळी पिशवीतून पांढऱ्या लोकरीचा गुंडा घेऊन आली. गुंड्याला दोन काळे डोळे होते.

"हे काय?" भाऊराव.

"पप्पा, तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? एवढ्या घाटकोपरला पाणी पाजलं, आता कुत्र्याचं मूत पुसू?"

सुंदराबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "कुठल्या जातीचं गं?"

"या घरात जात विचारायची नाही," भाऊराव सवयीने म्हणाले.

"कुत्र्याची तरी विचारू द्या!"

"माल्टीज आहे, आई," शीतल हसत म्हणाली.

"मालती?"

"अगं, माल्टीज."

"मग तेच ना. मालती."

भाऊरावांची मेहकरला राहणारी धाकटी बहीण मालती. ते उसळलेच. "माझ्या बहिणीचं नाव कुत्रीला?"

"काय बिघडलं? तीसुद्धा आली की सोफ्यावरून उठत नाही," सुंदराबाई म्हणाली आणि आत गेली. झालं, नाव पडलं. मेहकरच्या मालतीला हे फोनवर कळलं तेव्हा ती पाच मिनिटं हसत होती, आणि पुढे दर रविवारी फोन करून विचारायची, "माझ्या नावाची कशी आहे?"

कुत्र्याला हात न लावण्याचा भाऊरावांचा निश्चय मोजून दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी सुंदराबाईने बघितलं तर हे खिडकीत बसलेले आणि मालती यांच्या सदऱ्यात, फक्त तोंड बाहेर. हळूहळू त्यांचं खिडकीतलं बसणं कमी झालं. सकाळी मालतीला खाली न्यायचं, तिच्या मागून हिंडायचं, ती दमली की उचलून आणायचं. ओळखीपाळखीचे थांबून बोलायचे. पंतनगरचे जुने लोक म्हणायचे, "काय चावीवाले, नवीन साहेब वाटतं!" भाऊरावांना मनातून बरं वाटायचं. पण मालती काही वाढेना.

आली तेव्हा अडीच महिन्यांची होती. साडेचार महिन्यांची झाली तरी तेवढीच्या तेवढी. शेजारच्या इमारतीतली पिल्लं तिच्या डोळ्यांदेखत थोराड झाली. ही थोडं खाई, बरंचसं टाकून देई. पाणी मात्र भसाभसा पिई. एवढ्याशा जिवाला एवढं पाणी कशाला लागतं, असं भाऊरावांच्या मनात आलं होतं, पण त्यांनी ते मनातच ठेवलं. त्यांना वाटलं, पिल्लू अशक्त आहे, त्याला ताकदीचं खायला हवं. दर रविवारी ते ओळखीच्या खाटकाकडे जाऊन ताजी कलेजी आणायचे, स्वतः उकडायचे, बारीक करून हाताने भरवायचे. कलेजी ती आवडीने खायची. तिला असं खाताना बघून त्यांचं पोट भरायचं.

असाच एक रविवार होता. जेवणं झाली होती. भाऊराव पेपर वाचत होते. शीतल बाहेर गेलेली. सुंदराबाईने हाक मारली, पण हाकेचा सूर काही वेगळाच होता.

मालती फ्रिजच्या बाजूला उभी होती आणि कपाळ भिंतीला टेकवून भिंत ढकलत होती. जणू पलीकडे जायचं होतं आणि वाट सापडत नव्हती. भाऊरावांनी हाक मारली, तिने कान हलवला नाही. त्यांनी तिला उचलून खोलीच्या मध्ये ठेवलं, तर ती गोल गोल फिरायला लागली, एकाच बाजूने. तोंडातून लाळ गळत होती. डोळे उघडे होते पण त्या डोळ्यांना भाऊराव दिसत नव्हते. यालाच ते सगळ्यात जास्त घाबरले. असं सुमारे दोन तास चाललं. मग ती झोपली आणि संध्याकाळी उठली ती काही झालंच नव्हतं अशी.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "एवढं गोंडस पिल्लू, कुणाचीही नजर लागेल. मीठमोहऱ्या ओवाळून टाका."

"वहिनी, आमच्यात ते चालत नाही," सुंदराबाई म्हणाली. "आम्ही डॉक्टरकडे जातो."

डॉक्टरकडे गेले. जवळच्या दवाखान्यात जंतांचं औषध मिळालं. ते दिलं. पुढच्या रविवारी परत तेच, आणि या वेळी शेवटी चारही पाय ताठ झाले. अर्धं मिनिट असेल, पण भाऊरावांना ते सरता सरेना. त्या रात्री सुंदराबाई म्हणाली, "एक सांगू? हसू नका. तुमच्या वडिलांची कावीळ शेवटी डोक्यात गेली होती, आठवतं? जेवले की भ्रमिष्टासारखे करायचे. माणसं ओळखायचे नाहीत. मला हिला बघून तेच आठवतंय."

भाऊराव हसले नाहीत. सुंदराबाईनेच त्यांच्या वडिलांचं शेवटचं सगळं केलं होतं. ती उगीच बोलणारी बाई नव्हती.

शीतलच्या ऑफिसातल्या कुणीतरी मुलुंडच्या डॉक्टर उत्तरा यांचं नाव सांगितलं. चाळिशीच्या, बुटक्याशा, आवाजाने मोठ्या. भाऊराव आणि सुंदराबाई मालतीला टोपलीत घालून रिक्षाने गेले. डॉक्टरांनी तिला तपासलं, वजन केलं, भुवया वर केल्या. सव्वा किलोही नव्हती.

"हे कधी कधी होतं, काका?"

बरेच लोक या प्रश्नाला "मधूनमधून" असं उत्तर देतात. पण भाऊरावांची सगळी नोकरी घड्याळावर गेलेली. ते म्हणाले, "खाल्ल्यावर पाऊण तासाने सुरू होतं. दोन तासांनी उतरतं. भात-दही खाल्लं तर नुसती मलूल होते. रविवारी जास्त. चार रविवार झाले."

"रविवारीच का?"

"रविवारी कलेजी असते."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "काका, परत सांगा. सगळं, पहिल्यापासून."

भाऊरावांनी सगळं सांगितलं, पाण्याचंसुद्धा. सुंदराबाईने आपल्या सासऱ्यांचं सांगितलं. डॉक्टर तिच्याकडे बघून म्हणाल्या, "काकू, माझ्या अर्ध्या तपासण्या तुम्हीच करून आलात."

उरलेल्या अर्ध्या त्यांनी केल्या. उपाशीपोटी रक्त, मग खायला घालून दोन तासांनी परत रक्त, मग सोनोग्राफी. चार दिवसांनी तिघांना बोलावून घेतलं. शीतलही रजा टाकून आली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. आतड्यातून येणारं रक्त आधी यकृतात जातं, तिथे त्यातली घाण गाळली जाते, मग ते अंगभर फिरतं. मालतीच्या पोटात जन्मापासून एक जादा रक्तवाहिनी आहे. तिच्यातून रक्त यकृताला टाळून सरळ पुढे जातं. मांस, कलेजी असं जड खाल्लं की त्यातलं विष थेट मेंदूत पोचतं. यकृताला पुरेसं रक्तच मिळत नाही, म्हणून वाढ नाही.

भाऊराव चित्राकडे बघत होते. "म्हणजे फिल्टरला बायपास मारलाय," ते म्हणाले. "पाणी टाकीत न जाता डायरेक्ट लायनीत."

डॉक्टर हसल्या. "अगदी तसंच."

"कुणी मारला?"

"कुणीच नाही, काका. आईबापांकडून येतं हे. अशा छोट्या जातींमध्ये जास्त. हौशी लोकांना सगळी पिल्लं एकसारखी, दिसायला अस्सल हवी असतात. मग त्याच त्या रक्तात, नात्यातल्या नात्यात जोड्या लावत राहतात. दोष तिथेच फिरत राहतो आणि कधीतरी असा वर येतो."

"जात शुद्ध ठेवायच्या नादात," भाऊराव म्हणाले.

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "तेच."

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर भाऊराव पायरीवरच बसले. शीतल रिक्षा बघायला गेली होती. महिनाभर आपण आपल्या हाताने, लाडाने, बारीक करून तिला विष चारत होतो. तेही बोटांनी भरवून. त्यांनी हे सुंदराबाईला म्हणून दाखवलं तेव्हा त्यांचा आवाज फुटला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, सुंदराबाईने त्यांना दोनदाच रडताना बघितलं होतं.

ती त्यांच्या शेजारी बसली. "तुम्ही कलेजी दिली नसती तर कळलं असतं का?" ती म्हणाली. "आतल्या आत कुजली असती. उठा आता, लोक बघतायत."

त्या दिवसापासून मालतीचं जेवण सुंदराबाईच्या ताब्यात गेलं. याआधी तिने पिल्लाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. आता भिंतीला कागद लागला. मटण बंद, चिकन बंद, कलेजीचं नाव नाही. मऊ भात, दुधी, थोडं पनीर, थोडं दही, आठवड्यातून दोनदा अंडं. कांदालसूण नाही, मीठ नाही. दिवसातून पाच वेळा, एका वेळी मूठभरच. सोबत दोन औषधं. त्यातलं एक गोड, चिकट, माणसांना पोट साफ व्हायला देतात तेच. शीतल म्हणाली, "आई, माझ्या डब्याची एवढी काळजी कधी केली नाहीस."

"तुझं यकृत धड आहे," सुंदराबाई म्हणाली.

वेळा भाऊराव सांभाळायचे. सात, दहा, एक, चार, आठ. एक मिनिट इकडे तिकडे नाही. आणि फरक पडला. आठवड्याभरात गोल फिरणं थांबलं. पंधरा दिवसांनी मालतीने पहिल्यांदा भुंकून दाखवलं, तेही कुकरच्या शिट्टीवर. तोवर ती भुंकत नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मग सुंदराबाईने मुद्दाम आणखी एक शिट्टी होऊ दिली.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, हा आहार म्हणजे तात्पुरता आधार आहे. दोन महिन्यांत वजन वाढलं, अंगात जोर आला, की ऑपरेशन करू. शीतलने खर्चाचं मी बघते म्हणून सांगितलं आणि तो विषय तिथेच मिटवला. पण डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. हिच्या भावंडांना हे असू शकतं. त्यांच्या मालकांना कळायला हवं. आणि त्या आईबापांची पिल्लं यापुढे होऊ देऊ नयेत.

ज्यांच्याकडून मालती आणली त्या कांदिवलीच्या बाईंना शीतलने फोन केला. आजाराचा शब्द निघाल्याबरोबर फोन कट झाला. परत केला, उचललाच नाही.

"जाऊ दे ना पप्पा," शीतल म्हणाली. "त्यांना काय पडलंय."

भाऊरावांच्या डोक्यातून मात्र जाईना. पाणीखात्यात असताना एखाद्या घरात गढूळ पाणी आलं, तर नुसतं त्या घराचं बघून चालायचं नाही. त्याच लायनीवरच्या बाकीच्या घरांना कोण सांगणार? एका सकाळी त्यांनी रिपोर्टची फाईल घेतली, मेट्रोत बसले, गुंदवलीला गाडी बदलून आकुर्लीला उतरले आणि विचारत विचारत त्या सोसायटीत पोचले.

दार साखळीपुरतंच उघडलं. पन्नाशीच्या बाई, चष्मा, हाताला कणीक लागलेली. यांचं नाव क्षमा. शीतलचं नाव ऐकताच म्हणाल्या, "हे बघा, पैसे परत मिळणार नाहीत. मी दिलं तेव्हा पिल्लू चांगलं होतं."

"पैसे मागायला नाही आलो, बाई," भाऊराव म्हणाले. "मालतीचे भाऊबहीण कुठे गेले तेवढं सांगा. मी निघतो."

"कोण मालती?"

भाऊरावांनी साखळीच्या फटीतून मोबाइल दाखवला. फोटोत मालती सुंदराबाईच्या पदरात झोपलेली. मग त्यांनी डॉक्टरांनी काढलेलं चित्र दाखवलं आणि दारात उभ्या उभ्या, आवाज न चढवता, सगळं समजावून सांगितलं. कपाळ भिंतीला टेकवून उभं राहणं सांगितलं तेव्हा क्षमाबाईंचा चेहरा बदलला. साखळी निघाली.

आत सोफ्यावर मालतीची आई होती. तोच काळा डोळा, तोच पांढरा गुंडा, फक्त थोडा मोठा. ती येऊन भाऊरावांचे पाय हुंगायला लागली आणि बराच वेळ हुंगत राहिली.

"आधीच्या वेळचं एक पिल्लू माझ्याकडेच राहिलं होतं," क्षमाबाई म्हणाल्या. "असंच करायचं. भिंतीत डोकं. मला वाटलं, मेंदूचं काहीतरी असेल. सहा महिन्यांचं होऊन गेलं. मी कुणाला बोलले नाही." त्या हाताची कणीक चोळत राहिल्या. "बोलायला हवं होतं. तुमच्या मुलीचा फोन आला तेव्हा कळलं मला. म्हणून तर घाबरून ठेवला."

भाऊरावांना राग यायला हवा होता, तो आला नाही. त्यांना रविवारची कलेजी आठवली. ते एवढंच म्हणाले, "माहीत नव्हतं तेव्हाचं सोडून द्या. आता माहीत झालं."

क्षमाबाईंनी चहा केला. दोन नंबर लिहून दिले. मालती धरून पिल्लं तीनच होती. एक बोरिवलीला, एक मुलुंडला. भाऊराव खाली उतरेपर्यंत त्या जिन्यात उभ्या होत्या. पंधरा दिवसांनी त्यांचा स्वतःहून फोन आला. मालतीच्या आईचं ऑपरेशन करून घेतलं होतं. आता पिल्लं होणार नव्हती. "तुम्ही भांडला असतात तर मी दार लावलं असतं," त्या म्हणाल्या.

बोरिवलीचं पिल्लू ठणठणीत निघालं. मुलुंडचं एका शाळेतल्या गणिताच्या मास्तरांकडे होतं, यज्ञेश नावाच्या. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काका, आमचा मोती मंद आहे असंच धरून चाललो होतो आम्ही. काही शिकत नाही, नावाला ओळखत नाही. पुढच्या आठवड्यात त्याला एका संस्थेत सोडणार होतो." दोनच दिवसांत मोतीही डॉक्टर उत्तरांच्या टेबलावर होता. त्यालाही तेच होतं. मग सुंदराबाईने मास्तरांच्या बायकोला फोनवरून दुधी-भाताचं प्रमाण सांगितलं.

मे महिन्यात मालतीचं ऑपरेशन ठरलं. परळचे एक सर्जन ते करणार होते. आदल्या दिवशी त्यांनी भाऊरावांना समजावलं की ती जादा वाहिनी एकदम बांधून टाकत नाहीत. तिच्याभोवती एक पातळ पट्टी गुंडाळतात. पट्टीमुळे ती हळूहळू, महिना-दोन महिन्यांत, आपोआप बंद होत जाते.

"बरोबर आहे," भाऊराव म्हणाले. "एकदम बंद केली तर मागचं प्रेशर फोडून टाकेल सगळं."

सर्जननी चमकून बघितलं. "तुम्ही मेडिकलमध्ये होता का?"

"पाणीखात्यात होतो, साहेब." नोकरीच्या पहिल्या महिन्यात भाऊरावांनी घाईघाईने व्हॉल्व फिरवून बंद केला होता आणि तीनशे पावलांवर पाईप फुटून अख्ख्या गल्लीत गुडघाभर पाणी झालं होतं. मुकादमाने त्यांना सगळ्यांसमोर झापलं, आणि मग चावीवर आपला हात त्यांच्या हातावर ठेवून, एकेक आटा मोजत कसं बंद करायचं ते शिकवलं. हे त्यांनी सर्जनना सांगितलं. सर्जन तरुण होते, पण त्यांनी घाई न करता ऐकून घेतलं. म्हणाले, "उद्या मीही आटे मोजतो, काका."

दुसऱ्या दिवशी तिघं बाहेरच्या बाकावर बसली होती. सुंदराबाई डोळे मिटून पुटपुटत होती. त्रिशरण, पंचशील, परत त्रिशरण. शीतल मोबाइल बघत होती पण बोट हलत नव्हतं. भाऊरावांना पहिल्यांदाच घड्याळाकडे बघवेना. त्यांनी ते काढून खिशात टाकलं. शेवटी दार उघडलं आणि सर्जननी मान हलवली. सगळं नीट झालं होतं.

तिसऱ्या दिवशी मात्र मालतीला झटका आला. दवाखान्यातच होती म्हणून वाचली. इंजेक्शनं दिली, रात्रभर कुणीतरी तिच्याजवळ बसलं. कोण बसलं हे भाऊरावांनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम विचारून घेतलं. दवाखान्यातली एक नर्स होती. भाऊराव तिच्यासमोर गेले आणि काय बोलावं ते न सुचल्याने नुसतेच उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी कुणाचे आभार ऐकले नव्हते, त्यामुळे ते मानायचे कसे हेही त्यांना येत नव्हतं. शेवटी म्हणाले, "ताई, तुमच्या घरी पाणी नीट येतं ना?"

ती बिचारी गोंधळली. "येतं, काका."

"काही अडचण आली तर मला सांगा. खात्यात ओळख आहे अजून."

शीतल मागे उभी राहून हसत होती आणि डोळे पुसत होती.

त्यानंतर झटका आला नाही. तीन महिन्यांनी परत रक्त तपासलं. आकडे जवळजवळ सरळ आले. डॉक्टर उत्तरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि टेबलावरून उठून सुंदराबाईचा हात हातात घेतला. एक औषध बंद झालं, दुसरं अर्ध्यावर आलं. दुधी-भात मात्र चालूच, आणि तो जन्मभर चालेल. कधी कधी मालतीच्या डोळ्यांवर जरा मलूलपणा येतो, तेव्हा घरात सगळे आवाज खाली जातात. पूर्ण बरी झाली असं डॉक्टरही म्हणत नाहीत. पण ती वाढली. अडीच किलोची झाली. जिने उतरते. कुकरवर भुंकते. मेहकरची मालती मुंबईला आली तेव्हा दोघी एकाच सोफ्यावर बसल्या आणि दोघीही उठल्या नाहीत.

भाऊराव आता शनिवारी मुलुंडला जातात. डॉक्टर उत्तरांनीच सुरू केलं ते. कुणाच्या पिल्लाला असं जन्मजात काही निघालं की माणसं दवाखान्यात घाबरून बसतात, डॉक्टरांचं निम्मं त्यांच्या डोक्यावरून जातं. मग डॉक्टर आवाज देतात, "काका, जरा इकडे या." भाऊराव शेजारी बसतात. आधी ऐकून घेतात. मग खिशातून कागद घेतात आणि त्यावर टाकी काढतात, पाईप काढतात. एखादी बाई म्हणते, आम्हीच काही चुकीचं दिलं असेल का हो? तेव्हा ते म्हणतात, "मी कलेजी भरवली चार रविवार. हाताने. आणि ती अजून माझ्या मांडीवर झोपते." एवढं ऐकून माणूस जरा सैल होतो.

या वर्षी बुद्धपौर्णिमेला त्यांनी यज्ञेश मास्तरांना कुटुंबासह जेवायला बोलावलं. मोतीचंही ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. तो आता नावाने येत होता, एवढंच नव्हे, मास्तर म्हणाले, चोरून चपला पळवायलाही शिकला होता. खीर झाली होती. मालती-मोतीसाठी सुंदराबाईने साखर न घालता थोडी वेगळी काढली होती. सगळ्यांना वाटत होतं, भाऊबहीण भेटणार, काहीतरी होईल, ओळख पटेल. शीतल तर शूटिंगला मोबाइल लावूनच बसली होती.

मोती दारातून आत आला. मालतीने त्याला एकदा हुंगलं, नाक मुरडलं आणि अशी काही भुंकली की तो पळत जाऊन मास्तरांच्या पायात लपला.

"बघा," सुंदराबाई म्हणाली, "माझ्या नणंदेचंच नाव शोभतं."

भाऊराव दोन वाट्या घेऊन खाली बसले. एक इकडे ठेवली, एक तिकडे. दोघं आपापल्या कोपऱ्यात खायला लागली. दोघांच्याही पाठी हलत होत्या, चाटण्याचा बारीक आवाज येत होता. मास्तर काहीतरी बोलत होते, पण भाऊरावांचं लक्ष नव्हतं. वाट्या रिकाम्या झाल्या तरी ते तिथेच बसून होते. मग मालती आली आणि त्यांच्या मांडीवर चढून बसली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मास्तरांना म्हणाले, "अजून घ्या की खीर. लाजताय काय?"